उगवतीकडची फळी

कुत्रा माझा होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कोणीही म्हणेल, नव्हता. होता! माझ्या मालकांनी तो हिंगणघाटहून थैलीत घालून आणला, माझ्यासाठी आणला, आणि थैलीतून काढून माझ्याच पदरात टाकला. ते तिथं जिनिंगमध्ये कामाला होते. सरकीच्या ढिगाआड एक कुत्री व्याली होती, तिचं हे एकच पिल्लू जगलं होतं. डोळे धड उघडले नव्हते, अंगाला सरकीचा वास. कापसाची वात दुधात बुडवून बुडवून मी ते वाढवलं. त्याच्या पायी पंधरा दिवस माझी धड झोप झाली नाही. घरातलं दुसरं कोणी एकदा तरी उठलं होतं का? कोणी नाही.

सत्तर सालानंतरची सात-आठ वर्षं उलटली होती तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव हिंगणघाटपासून चार कोसांवर, नदीच्या अलीकडे. वावर पलीकडे. सासूबाई मी घरात यायच्या आधीच गेल्या होत्या. माझे मालक आठवड्यातून एकदा घरी यायचे. भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, सेवाग्रामला दवाखान्यात नोकरीला, तेही आठवड्यातून एकदाच. बाकीचे सहा दिवस घरात सासरे, आम्ही दोघी जावा आणि जाऊबाईंची दोन पोरं.

आता जाऊबाईंचं काय सांगू? वाईट असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. वर्ध्याच्या, शहरातल्या, सातवी झालेल्या. गावातल्या बाया पत्र वाचून घ्यायला त्यांच्याकडे यायच्या आणि मी शेजारीच बसलेली असले तरी माझ्यापुढं कागद करायच्या नाहीत. मी चौथी शिकलेली होते, मला वाचता येत नव्हतं थोडंच! दोन पोरं होऊनही त्यांचे केस कमरेच्या खाली. त्यांची भाकर तव्यावर टम्म फुगायची, माझी एका बाजूनं फुगायची आणि दुसऱ्या बाजूनं रुसायची. मामाजींना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, चहा त्यांच्याच हातचा लागायचा. शेजारचं किरकिरं पोर त्यांच्या कडेवर गेलं की गप. गाय मेली माझ्या हाताला पान्हा चोरायची आणि त्यांनी नुसती पाठ थोपटली की चरवी भरायची. चार वर्षं मी हे बघत होते आणि तोंडानं "बाई, बाई" करत होते. आतून जळत होते. कशाला लपवू, चांगली धडधडून जळत होते.

मला तेव्हा मूल नव्हतं. पुढं तीन झाली. म्हणून उगाच कोणी म्हणू नका की पोर नव्हतं म्हणून कुत्र्याला जीव लावला. तसलं काही नव्हतं. त्या घरात मला एक तरी जीव असा पाहिजे होता, जो जाऊबाई आणि मी दोघी समोर उभ्या असताना आधी माझ्याकडे येईल. एवढंच माझं मागणं होतं आणि ते फार मोठं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

कुत्रा वर्षाचा झाला, तेव्हा गावाकडेला लांडगे यायला लागले. दोन शेळ्या गेल्या, मग एक बांधलेला कुत्रा गेला. रात्री त्याला बंद करून ठेवणं भाग होतं. मामाजींनी सांगून टाकलं, "कुत्रं घरात नाई पाह्यजे." मग मी धीर करून त्यांच्याकडे जुन्या बंडीच्या फळ्या मागितल्या. मोडलेली बैलबंडी होती ती, तिच्या सागाच्या फळ्या गोठ्यामागं रचून ठेवल्या होत्या. चार वर्षांत मी त्यांच्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा वेळ सुपारी चघळली आणि म्हणाले, "घे. पण साग हाये तो, वाया नको घालवजो."

माझ्या मालकांनी दोन सुट्ट्या खर्ची घालून कुत्र्याचं घर केलं. अंगणातल्या निंबाखाली, ओल लागू नये म्हणून विटांवर उचललेलं, वर पत्रा, पुढं वर-खाली सरकणारी दाराची फळी. तोंड कुठं करायचं ते मी सांगितलं. माझ्या खोलीकडे, मावळतीला. सकाळी डोळा उघडला की त्याला आधी मी दिसले पाहिजे. पाठ आपोआप उगवतीला आली. तिकडं जाऊबाईंची खोली आणि खोलीपुढं त्यांची छपरी, दार असलेली, सावलीची.

महिनाभरात त्यानं मागची फळी खाल्ली. खाल्ली म्हणजे अक्षरशः खाल्ली, सागाची! खालच्या कोपऱ्यातून सुरुवात केली आणि वीतभर भगदाड पाडलं. मला पहाटे अंथरुणात आवाज यायचा, कर्र, कर्र, कर्र. त्याच सुमाराला जाऊबाई उठलेल्या असायच्या. त्या माझ्या आधीच उठायच्या, तेही त्यांनी माझ्यासाठी सोडलं नव्हतं. दाराची कडी, बांगड्या, मग पायरीवर बसून केस विंचरायच्या. मी आपली गोधडीत पडून म्हणायची, दात शिवशिवत असतील त्याचे.

माणसानं स्वतःला किती फसवावं! दीड वर्षाच्या कुत्र्याचे कसले आलेत दात?

मी उपायाला लागले. लाल मिरची वाटून तिचा लेप फळीला दिला. दोन दिवस माझ्याच हाताची आग होत होती, कुत्रा चार वेळा शिंकला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कर्र कर्र. निंबाचा पाला वाटून लावला. तो चाटून गेला, उलट पोट साफ झालं असेल त्याचं. तंबाखूचं पाणी मारलं. मग मालकांनी जिनिंगमधून कापसाच्या गाठीला आवळतात त्या लोखंडी पट्ट्यांचे तुकडे आणले आणि फळीच्या कडेनं ठोकले. पट्टीची धार त्याच्या हिरडीला लागली, फळीवर रक्त दिसलं. मी रडत रडत पट्ट्या उपटल्या आणि मालकांना नाही नाही ते बोलले. ते म्हणाले, "अवो, तूच तं म्हणली होती, ठोका म्हणून." म्हटलं होतं खरं.

कोणी म्हणालं, त्याला चघळायला दुसरं काही द्या, म्हणजे फळी सोडेल. मी मेलेल्या म्हशीचं हाड मिळवलं. कसं मिळवलं ते सांगत नाही, मामाजी ऐकते तर मला माहेरी पोचवून आले असते. सकाळी दार वर केलं आणि हाड त्याच्यापुढं टाकलं. त्यानं ते तोंडात धरलं, शेपूट हलवली, मी म्हटलं, बघा, आहे की नाही माझं शहाणं बाळ! तो हाड घेऊन माझ्या पायावरून गेला, आपल्या घराला वळसा घातला आणि जाऊबाईंच्या पायरीखाली जाऊन चघळत बसला. जाऊबाई केस विंचरत होत्या. त्यांनी त्याला हाक मारली नव्हती. नुसतं पाहिलंही नव्हतं. त्यांच्या पायाचा अंगठा त्याच्या पाठीला टेकला होता आणि त्या तो काढूनही घेत नव्हत्या, एवढंच.

हेच तर माझ्या डोक्यात जायचं. त्या काही करायच्या नाहीत! दूध मी घालायची, गोचिड्या मी काढायची, पावसात भिजला तर पुसायची मी. त्या नुसत्या बसायच्या.

श्रावणात मामाजींनी फळीचं भगदाड पाहिलं. ओरडले नाहीत, त्यांची ओरडायची पद्धत नव्हती. "एक फळी उरली हाये," म्हणाले, "ते लावून घे. तेही खाल्ली त्यानं, तं पोळ्याच्या आधी वावरात पाठवून देईन. सालदार हाये तिकडे, त्याले राखणीले कामी येईन." सालदार म्हणजे आमचा सालाच्या बोलीवरचा गडी, वावरातच झोपडीत बायकोबरोबर राहायचा. माणूस चांगला होता. पण वावर नदीपलीकडे, पावसाळ्यात मी तिकडे जाणार कधी? गेला म्हणजे गेलाच तो. त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढं ती एकच फळी होती. ती टिकली तर कुत्रा राहणार, नाहीतर जाणार.

फळी बसवायला मी गावातल्या सुतारबुवांना बोलावलं. म्हातारा, बोलायला तिखट. त्यानं आधी जुनी फळी हातात घेऊन दातांच्या खुणा पाहिल्या. "कुत्रं लाकूड खात नाई, बाई, कड खाते," म्हणाला. "दातात धरायले कड भेटली नाई, तं तो काय करन? सपाट फळीले दात लागत नाई." त्यानं नव्या फळीच्या कडा रंध्यानं गोल केल्या, तुपाच्या डब्याचा पत्रा कापून कडेवरून दुमडून आत घातला, खिळ्यांची डोकी ठोकून बसवली. असं काम होतं की मी मनात म्हटलं, आता खा म्हणावं! मग म्हाताऱ्याला काय सुचलं कोण जाणे, तो वाकून घरात डोकं घालून बघत राहिला. बाहेर आला आणि म्हणाला, "तीन बाजू जशाच्या तशा हायेत. दात लावून नाई पाह्यला. हे एकच बाजू खाते. इकडे काय हाये?"

आणि त्यानं वळून पाहिलं. पायरीवर जाऊबाई तांदूळ निवडत होत्या आणि कुत्रा त्यांच्या सुपाशेजारी चारी पाय पसरून झोपला होता.

"अस्सं!" म्हातारा म्हणाला आणि हसला. "मंग हे सुताराचं काम नोहे, बाई."

मला वाटलं रंधा उचलून त्याच्या टाळक्यात घालावा. जे मला चार महिने कळत होतं आणि मी कळून घेत नव्हते, ते त्यानं भर अंगणात, जाऊबाईंच्या समोर, दात काढून सांगितलं. जाऊबाईंनीही ऐकलं. सूप बाजूला ठेवून त्या माझ्याजवळ आल्या आणि अगदी हळू बोलल्या, "लहाने, आयक माहं. रातच्याले त्याले माह्या छपरीत झोपू दे ना. दार लावून घेत जाईन. मंग तो काऊन खाईन फळी? तुहा कुत्राही राह्यला आणि मामाजीचा सागही राह्यला."

किती सोपं होतं! त्यांच्या मनात पाप नव्हतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. पण मला त्या वाक्यात एकच ऐकू आलं, की मामाजी तुमचे, चहा तुमचा, गाय तुमची, आता हाही द्या. मी म्हटलं, "नाई बाई, राहू द्या. पत्रा लावला ना आता." आणि आत जाऊन उगीच भांडी आपटली.

पत्र्यानं बारा दिवस तग धरला. तेराव्या पहाटे पुन्हा कर्र. त्यानं वरच्या बाजूला, जिथं पत्र्याची दुमड जरा सुटली होती, तिथं कड शोधली होती. मी धावत गेले आणि बोटानं चाचपून पाहिलं, पेरभर खाल्ली होती. पोळ्याला आठ दिवस होते.

माझं माहेर आष्टीकडचं, जंगलाच्या कडेचं. आमच्याकडे लाकडाला वाळवी लागू नये, भुंगा लागू नये, म्हणून बिब्ब्याचं तेल लावतात. बिब्बे सगळ्यांच्याच घरात असतात, जाऊबाईंच्या डब्यातही होते, पण बिब्बा कसा हाताळायचा ते जंगलाकडच्या माणसालाच ठाऊक. एखाद्याला तो उततो. अंगाला लागला की फोड येतात, तोंड सुजतं, डोळे मिटतात. एखाद्याला काही होत नाही. आधी हाताला खोबरेल चोपडायचं, मग सुईला टोचून बिब्बा दिव्यावर धरायचा, टपकणारं काळं तेल वाटीत घ्यायचं. मी दुपारभर बसून वाटीभर तेल काढलं आणि चिंधीनं आतून-बाहेरून फळीला पाजलं. फळी काळीभोर झाली. कडू, जहाल, आता दात लावून दाखव म्हटलं.

लोक म्हणतात ना, कोणाच्या चांगल्या चाललेल्यात खोडा घातला की, बिब्बा घातला म्हणून. मी खराच घातला.

पण मी सगळ्यांना सांगितलं होतं, हेही सांगून ठेवते. पोरांना दम दिला, मामाजींच्या कानावर घातलं, जाऊबाईंनाही म्हटलं, "बाई, त्या फळीले कोणी शिवू नका, बिब्बा लावला हाये." त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगतलं."

फळीबद्दल सांगितलं. कुत्र्याबद्दल सांगितलं नाही.

दुसऱ्या पहाटे कर्र कर्र आवाज आला नाही. मी खूश होऊन उठले. पण दुसराच आवाज येत होता, घासल्यासारखा, धडकल्यासारखा. दात लावता येईना म्हणून तो डोक्यानं फळी ढकलत होता. मी जाऊन दार वर सरकवलं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर, दोन कानांच्या मधे, काळा ओला पट्टा होता. नाकालाही लागलं होतं. माझ्या हातात खोबरेलाची चिंधी होती, मी ती त्याच्यासाठीच घेऊन आले होते. मला एक क्षण पुरला असता. मान धरायची आणि पुसून काढायचं. मी चिंधी पुढं केली, म्हटलं, "यू, यू, ये बाळ." तो माझ्या हाताखालून निसटला आणि धूम तिकडे पळाला.

जाऊबाई पायरीवर बसल्या होत्या, केस मोकळे सोडून. तो थेट त्यांच्या मांडीत घुसला. त्यांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि त्याच्या कपाळावर आपला गाल टेकवला. डोळे मिटून टेकवला. मला माहीत नव्हतं त्या असं करतात. रोज करत असतील, मी झोपलेली असताना. चार पावलांवर मी उभी होते. "बाई, शिवू नका त्याले," एवढे शब्द होते. माझ्या तोंडाशी आले होते, आणि मी ते गिळले. मी मनात काय म्हटलं तेही मला आठवतं. मी म्हटलं, घ्या, घ्या तुमच्या लाडक्याला. आणि मी चूल पेटवायला आत गेले.

संध्याकाळी त्यांना खाज सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड एवढं सुजलं की पोरंच भ्यायली. डोळे पार मिटून गेले, गालावर आणि हातांवर फोड, अंगात ताप. जाऊबाईंना बिब्बा उतायचा, हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. कसं असणार, वर्ध्यात कोण बिब्ब्याला शिवतं! औषध मलाच ठाऊक होतं. तीळ आणि खोबरं एकत्र वाटायचं आणि त्याचा लेप द्यायचा, पोटातही द्यायचं. मी वाटत बसले. पण खोटं कशाला बोलू, तेव्हासुद्धा मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं, आता दोन-चार दिवस तरी पहाटे पायरीवर कोणी बसणार नाही.

कुत्र्याच्या नाकावरही एक फोड आला होता, त्याला मी तिळाचं तेल लावलं. तो लावून घ्यायचा आणि जाऊबाईंच्या बंद दारापुढं जाऊन पडायचा. दोन दिवस तो तिथंच पडून होता. माझ्या हातची भाकर त्यानं हुंगली आणि मान फिरवली. मी भाकर त्याच्या तोंडाशी नेली, दुधात कुस्करून नेली, शेवटी चिडून ताटली लाथेनं उडवली. आतून जाऊबाई कण्हल्या की तो उठून दाराला नाक लावायचा.

तिसऱ्या दिवशी मामाजींनी मला अंगणात बोलावलं. पोळा चार दिवसांवर होता. ते काळ्या फळीसमोर उभे होते. "लहाने," म्हणाले, "तू फळीले बिब्बा लावला, ठीक हाये. कोणी शिवू नका म्हणून सांगतलं, तेही ठीक. मोठी काई फळीले शिवली नाई. मंग तिच्या गालाले कसा उतला?"

"मले काय मालूम, मामाजी?"

ते माझ्याकडे बघत राहिले, मग दारात पडलेल्या कुत्र्याच्या काळ्या कपाळाकडे बघितलं. त्यांना समजलं, माझी खात्री आहे. पण त्यांनी तो विषय तिथंच सोडला, आणि त्याची मला जास्त लाज वाटली. म्हणाले, "हे लाकूड-बिब्बा आता बस झालं. दोनच गोष्टी हायेत. मोठीच्या छपरीत झोपू दे, नाई तं वावरात जाऊ दे. तुहा कुत्रा हाये. तू सांगशीन तसं."

तुहा कुत्रा हाये! त्या घरात चार वर्षांत पहिल्यांदा मामाजी एखादी गोष्ट माझी आहे म्हणून बोलले होते. एक शब्द बोलायचा होता, छपरीत. तो रोज दिसला असता. मी त्याला दूध घातलं असतं, गोचिड्या काढल्या असत्या, हाक मारली असती. आणि रोज पहाटे त्या कपाळावर तो गाल टेकला असता.

"वावरात," मी म्हटलं.

मामाजींनी मान हलवली. त्यांना वाटलं होतं मी दुसरं बोलेन. त्यांनी बंडी जुंपली, पोरं शाळा बुडवून त्यांच्याबरोबर निघाली, रात्री वावरातच राहणार म्हणून उड्या मारत होती. जाऊबाईंना कोणी काही सांगितलं नाही. डोळे मिटलेले, तापात, सांगून काय करायचं, असं मामाजी म्हणाले. कुत्रा बंडीत चढेना. दारापासून उठेचना. शेवटी मी त्याला उचललं. एवढा मोठा झाला होता, उचलवत नव्हता. त्यानं दुखरं नाक माझ्या खांद्यावर टाकलं आणि गप्प राहिला, पिल्लू असताना राहायचा तसा. मी त्याला बंडीत ठेवलं, दोरी कडेच्या दांड्याला, उभारीला, बांधली, गाठ ओढून बघितली. "नेऊ का मंग?" मामाजींनी विचारलं. मी म्हटलं, "न्या."

बंडी नदीच्या वाटेला लागेपर्यंत मी फाटकात उभी राहिले. रडले नाही. मग घरात आले आणि स्वयंपाकाला लागले. घरात आम्ही दोघीच होतो.

दिवस मावळायला आला तेव्हा मी जाऊबाईंना भाकर दुधात मऊ करून दिली. ओठ सुजले होते, चावता येत नव्हतं. जेवण झाल्यावर मी त्यांच्या गालावर लेप लावत बसले. कातडी तापलेली होती. एवढ्या जवळून मी त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. सुजेखाली त्या बिचाऱ्या ओळखू येत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "लहाने, तुह्या हातानं थंड वाटते वो." थोड्या वेळानं त्यांनी कान देऊन ऐकलं. "आज दारात नाई वाटते तो?"

"झोपला," मी म्हटलं. "त्याच्या घरात."

"चांगलं झालं. दोन दिवस झाले, नुसता कण्हून राह्यला होता." मग त्यांनी उशाखाली चाचपून पदराच्या तुकड्यात गुंडाळलेली अर्धी भाकर काढली. दुपारची होती, मी दिलेली. त्यांनी स्वतःच्या वाटणीची काढून ठेवली होती. "माह्या हाताले फोड हायेत, म्हणून त्याले दोन दिवस शिवली नाई मी. हे त्याले टाकजो. तू टाकशीन तं खाईन तो, तुहाच हाये."

मी भाकर घेतली आणि अंगणात गेले. निंबाखालचं घर उघडं होतं. मला ती भाकर गाईला घालता आली असती. भिंतीपलीकडे फेकता आली असती. मी तिथंच उभी राहून, घास तोडून तोडून, ती खायला लागले. कोरडी होती, घशाखाली उतरत नव्हती, तरी खात होते.

आतून जाऊबाईंनी विचारलं, "खाल्ली का वो त्यानं?"

माझ्या तोंडात घास होता. मी म्हटलं, "खाल्ली."